७८ वर्षांच्या अभियंत्याचे लिस्बन

लिस्बन शहर पायी फिरवून दाखवणाऱ्या सहली साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात आधी काही भरावे लागत नाही. शेवटी ज्याने त्याने खुशीने काय ते गाइडच्या हातावर ठेवायचे. तीस-चाळीस माणसांचा घोळका, पुढे रंगीत छत्री उंच धरून चालणारा गाइड आणि मागे रेंगाळणाऱ्यांच्या कानी पडणारी अर्धीमुर्धी वाक्ये, असे तिचे स्वरूप असते. दुसऱ्या प्रकारात आठ-दहा माणसांपुरतीच जागा असते, पैसे आगाऊ घेतले जातात आणि रुपयांत हिशेब केला तर ते चांगलेच जाणवतात. माझी हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली असल्यामुळे कोणतीही इमारत पाहिली की तिच्या पायात काय आहे हे विचारायची मला खोड आहे, आणि चाळीस जणांना ताटकळत ठेवून असे प्रश्न विचारणे शोभत नाही. म्हणून सौभाग्यवतींच्या भुवया उंचावल्या तरी मी दुसरा प्रकार निवडला.

सकाळी साडेनऊला आम्ही कामोंइशच्या चौकात जमलो. लुईश द कामोंइश हा पोर्तुगालचा महाकवी. १५५३ मध्ये तो गोव्याला पोहोचला आणि आयुष्यातील बरीच वर्षे त्याने पूर्वेकडेच काढली. त्याचा पुतळा १८६७ पासून या चौकात उभा आहे. आमच्या गटात ब्राझीलचे एक जोडपे, कॅनडातील एक निवृत्त शिक्षिका, वास्तुशास्त्र शिकणारे दोन जर्मन तरुण आणि आम्ही दोघे होतो. आमची गाइड इतिहासाची पदवीधर होती आणि तिच्या हातात छत्री नव्हती. निघण्यापूर्वीच तिने सर्वांच्या पायांकडे पाहिले आणि ज्यांच्या बुटांचे तळ गुळगुळीत होते त्यांना जपून चालायला सांगितले. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे असतात. पांढऱ्या दगडांत काळे दगड बसवून त्यांवर नक्षी केलेली असते आणि दीडशे वर्षांच्या पावलांनी ती इतकी घासली गेली आहे की दोन थेंब पाऊस पडला तरी उतारावर पाय सटकतो.

पहिला मुक्काम कार्मूचा मठ. सेनापती नुनो आल्वारेश पेरेइरा याने १३८९ मध्ये स्थापन केलेल्या या मठाच्या चर्चला आज छप्पर नाही. दोन्ही बाजूंचे खांब आणि त्यांवरच्या टोकदार कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊनंतर थोड्याच वेळात भूकंप झाला तेव्हा शहरातील चर्च भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. छपरे कोसळली, मेणबत्त्या आणि चुलींमुळे आगी लागल्या, नदीकाठी धावलेल्या लोकांवर समुद्राच्या लाटा चालून आल्या, आणि आग पुढे पाच-सहा दिवस शहर जाळत राहिली. मृतांचा आकडा प्रत्येक इतिहासकार वेगळा सांगतो.

इथवरची हकीकत कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळते. जर्मन तरुणांपैकी एकाने मात्र विचारले की इतक्या मोठ्या हादऱ्यात या बारीक कमानी कशा टिकल्या. गाइड हसली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही पाहता त्यातले सगळे टिकलेले नाही.’’ भूकंपानंतर १७५६ पासून चर्च पुन्हा बांधायला सुरुवात झाली होती, आणि १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ विसर्जित झाल्यावर ते काम अर्धवट थांबले. म्हणजे ज्या कमानींचे छायाचित्र भूकंपाचे अवशेष म्हणून जगभर फिरते, त्यांतील बहुतेक भाग हा खरे पाहता अपुऱ्या राहिलेल्या दुरुस्तीचा आहे. अर्धवट सोडलेली कामे मी नोकरीत पुष्कळ पाहिली, पण त्यांचे असे भाग्य उजळलेले कधी पाहिले नव्हते.

कार्मूच्या समोरच्या लहानशा चौकाने मला जास्त वेळ थांबवले. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगीज सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, तेव्हा पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच चौकातील सुरक्षादलाच्या मुख्यालयात आश्रयाला आला होता. कॅप्टन सालगेइरो माया याने आपल्या तुकडीसह त्याला वेढा दिला, लोक रस्त्यावर उतरले, सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली गेली आणि संध्याकाळपर्यंत हुकूमशहा सालाझारने उभारलेली राजवट शरण आली. गाइडने हे सांगितल्यावर मी तिला गोव्याविषयी छेडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तरी लिस्बनमधील राजवटीने ते शेवटपर्यंत मान्य केले नव्हते. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी, म्हणजे या चौकात ती राजवट कोसळल्यानंतर आठ महिन्यांनी झाला. आफ्रिकेतील वसाहतींची युद्धे या उठावामागे होती हे ती नेहमी सांगते, पण गोव्याचा उल्लेख तिच्या रोजच्या कथनात नसतो, असे तिने मोकळेपणाने सांगितले. मोठ्या घोळक्यात हा प्रश्न माझ्या ओठांवरच राहिला असता.

तिथून उतार उतरून आम्ही रोसियूच्या चौकात आलो. या चौकाच्या फरसबंदीवर काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत. उभे राहून एकटक पाहिले तर जमीन हलल्याचा भास होतो. उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृहाची देखणी इमारत आहे. ती ज्या जागेवर उभी आहे तिथे पूर्वी धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये ही सभा १५३६ मध्ये सुरू झाली आणि १५६० मध्ये तिची शाखा गोव्यात आली. गोव्यातील १८१२ मध्ये बंद झाली, येथील १८२१ मध्ये. जवळच्या साओ दोमिंगोस चर्चसमोर एक गोल दगडी स्मारक आहे. एप्रिल १५०६ मध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची जमावाने येथे कत्तल सुरू केली, त्याची ती खूण. चर्चच्या आत शिरताच जाणवतो तो जळालेला दगड. १९५९ मध्ये या चर्चला मोठी आग लागली आणि १९९४ मध्ये ते पुन्हा उघडताना खांब आणि भिंती मुद्दाम तशाच ठेवल्या. खांबांचे दगड उष्णतेने तडकून त्यांचे पापुद्रे निघाले आहेत, कडा गोलावल्या आहेत आणि छताला नव्याने दिलेला तांबूस रंग त्या काळवंडलेल्या दगडांवर उतरतो. गिलावा करून सगळे झाकून टाकायचा मोह ज्याने टाळला त्या अभियंत्याचे मला कौतुक वाटले.

चर्चबाहेर एका चिमुकल्या दुकानात जिंजिन्या नावाचे आंबट चेरीचे मद्य पेल्या-पेल्याने मिळते. पेल्यात चेरी हवी की नको, एवढाच प्रश्न दुकानदार विचारतो. सकाळच्या अकरा वाजता सौभाग्यवतींनी नको म्हटले. ब्राझीलच्या जोडप्याने आमच्या वाटचेही घेतले.

यानंतर आला बायशा, म्हणजे शहराचा खालचा भाग, आणि माझ्यासाठी सहलीचा गाभा. रोसियूपासून तेजो नदीपर्यंत सरळ रेषेत जाणारे रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते, दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या खिडक्यांच्या इमारती. रस्त्यांना सोनार, चांभार, खोगीरवाले अशा धंद्यांची नावे आहेत. आज त्यांतील बहुतेक दुकाने चुंबके आणि सार्डिनचे डबे विकतात. बरेच पर्यटक या भागाला कंटाळवाणा म्हणतात. मला विचाराल तर युरोपमधील ही सर्वांत धाडसी वस्ती आहे, कारण तिचा विचार भूकंपानंतर महिनाभरात कागदावर आला.

भूकंपानंतर राजा जोझे पहिला दगडी छपराखाली झोपायला इतका घाबरू लागला की त्याने पुढचे आयुष्य आजूदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात काढले. कारभार हाती घेतला तो मंत्री सेबास्तियाओ दे कार्वाल्यो याने, जो पुढे पोंबालचा मार्किस म्हणून प्रसिद्ध झाला आणि ज्याचा पुतळा आज शहराच्या मोठ्या चौकात सिंहासह उभा आहे. पण नव्या शहराचा विचार मांडणारा माणूस वेगळा होता. राज्याचा मुख्य अभियंता मानुएल दा माया तेव्हा ७८ वर्षांचा होता. ४ डिसेंबर १७५५ रोजी, ढिगारे अजून हलवले गेले नसताना, त्याने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. त्यात पर्याय होते: शहर होते तसेच बांधावे; तसेच बांधावे, पण रस्ते रुंद करावेत; रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करावी; खालचा भाग सपाट करून नव्या आराखड्याने बांधावा; किंवा जुनी जागा सोडून पश्चिमेला बेलेंच्या बाजूला नवे शहर वसवावे. चौथा पर्याय स्वीकारला गेला आणि एउजेनियो दोस सान्तोस व कार्लोस मार्डेल या त्याच्या हाताखालच्या अभियंत्यांनी तो कागदावरून जमिनीवर आणला.

हे ऐकताना मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे भूकंप झाला आणि त्यानंतर पुनर्वसनाच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. गाव त्याच जागी बांधायचे की दूर हलवायचे, रस्ते किती रुंद ठेवायचे, घरांत अंतर किती ठेवायचे, हे प्रश्न आमच्याही टेबलावर होते. जड धाब्याची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली होती, म्हणून नवी वसाहत मोकळी, रुंद रस्त्यांची झाली. आणि पुढची कित्येक वर्षे लोक तक्रार करत राहिले की शेजाऱ्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही. दा मायाच्या आराखड्यालाही त्या काळी जमीनमालकांचा विरोध झालाच. मात्र त्याने घरे दूर दूर नेली नाहीत, एकमेकांना चिकटूनच ठेवली, आणि भूकंपाचा बंदोबस्त भिंतींच्या आत केला.

तो बंदोबस्त आम्हाला प्रत्यक्ष पाहता आला. एका दुकानात मागच्या भिंतीचा गिलावा हातभर रुंदीचा मुद्दाम काढून त्यावर काच बसवली आहे. आत लाकडाचे उभे-आडवे वासे आणि त्यांच्या चौकटीत कर्णावर बसवलेल्या दोन पट्ट्यांची फुली दिसते. फुलीच्या चार त्रिकोणी पोकळ्यांत विटांचे तुकडे आणि चुना भरलेला आहे. फुलीच्या मध्यावर दोन्ही लाकडे अर्धी अर्धी खाचून एकमेकांत बसवली आहेत आणि लोखंडी खिळ्याने जखडली आहेत. लाकूड काळपट पडले होते, पण सांध्यात नखही शिरले नसते. अशा लाकडी सांगाड्याला येथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. तळमजला दगडी कमानींचा आणि पहिल्या मजल्यापासून वर हा पिंजरा. जमीन हादरली की दगडी बाह्य भिंत पडली तरी पिंजरा वाकेल, कुरकुरेल, पण मजले तोलून धरील, ही कल्पना. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवून चाचणी घेतली, अशी गोष्ट सांगितली जाते. आमच्या पुण्याच्या वाड्यांतही लाकडी सांगाडा आणि विटांची भरणी असते, पण तिरकी फुली नसते. आडवा धक्का बसला की सगळा फरक त्या फुलीचा पडतो. मी हे सांगितल्यावर जर्मन तरुणांनी वही काढली आणि दुकानदाराला काही विकत न घेणारी गिऱ्हाइके तेवढा वेळ सहन करावी लागली.

इमारतींच्या मधल्या भिंती छपराच्याही वर नेलेल्या आहेत, आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून. पायाखाली तर आणखी मजा आहे. हा सगळा भाग जुन्या ओढ्याच्या गाळावर वसलेला असल्याने जमिनीत पाइनच्या ओल्या लाकडाचे खुंट ठोकून त्यांवर पाया घेतला. भूजलाखाली बुडालेले लाकूड कुजत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की मात्र त्याला हवा लागते आणि ते सडू लागते. म्हणजे बायशाचे आयुष्य पायाखालच्या पाण्यावर अवलंबून आहे.

रुआ औगुस्ताच्या विजयकमानीतून बाहेर पडलो की एकदम नदी आणि तिच्या काठचा मोठा चौक दिसतो. हा चौक व्यापाराच्या नावाने ओळखला जात असला तरी लिस्बनकर अजून त्याला राजवाड्याचे पटांगणच म्हणतात, कारण १७५५ पर्यंत रिबेराचा राजवाडा इथेच होता. भारताच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारे ‘कासा दा इंडिया’ हे कार्यालय याच भागात होते. मिरी, लवंग, कापड सगळे इथे उतरत असे, आणि भूकंपात त्याचे दप्तर नष्ट झाले. मधोमध घोड्यावर बसलेला जोझे राजा आहे, १७७५ चा पुतळा. चौथऱ्याच्या एका अंगाला माणसाला पायाखाली घेणारा घोडा आहे आणि दुसऱ्या अंगाला हत्ती. हत्तीकडे बोट दाखवून कॅनडाच्या शिक्षिकेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच तो आणून सोडला होता. त्या हत्तीच्या काळात पोर्तुगीजांच्या हातून वसई जाऊन मोठा काळ लोटला होता, हे मी गटाला आवर्जून सांगितले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. वसईच्या चर्चमधील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा आजही भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला टांगलेल्या आहेत. गाइडने या दोन्ही गावांची नावे माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

पूर्वेला थोडे चालल्यावर कासा दोस बिकोस लागते. हिच्या दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेले आहेत. १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कचा मुलगा ब्रास याने इटली पाहून आल्यावर १५२३ मध्ये ती बांधली. भूकंपात वरचे दोन मजले गेले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता तेथे नोबेलविजेते लेखक जोझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे. गोव्याच्या पैशाने बांधलेल्या घरात एक कट्टर डावा लेखक, ही घडामोड गमतीची खरी.

वरती चढताना सेचे कॅथेड्रल आणि संत अँथनीच्या जन्मस्थानावरचे लहान चर्च पाहून आम्ही सांता लुझियाच्या गच्चीवर आलो. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे चित्र आहे आणि त्यात भूकंपापूर्वीचे ते राजवाड्याचे पटांगण दिसते. नुकताच पाहिलेला खरा चौक डोळ्यांत असतो आणि समोर नाहीसा झालेला. खाली पसरलेला अल्फामा खडकावर असल्यामुळे बायशाइतका उद्ध्वस्त झाला नाही. त्याच्या गल्ल्यांची मांडणी ११४७ पूर्वीच्या मुस्लिम अमलातली आहे. तेथील गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे लागते. छत्रीवाला मोठा घोळका अशाच एका पायरीवर अडकला होता आणि बाजाराची पिशवी घेतलेली एक म्हातारी मागे खोळंबली होती. गाइडने आम्हाला एका बाजूस घेऊन तिला वाट दिली आणि दरवाजांवरच्या ‘ए. एल.’ अशा छोट्या पाट्या दाखवल्या. त्या पाट्यांचा अर्थ ते घर पर्यटकांना भाड्याने दिले जाते असा. एका गल्लीत पाटी नसलेले दार शोधावे लागले.

निरोप घेताना मी तिला मानुएल दा मायाचा पुतळा कुठे आहे, असे विचारले. आपल्या वाटेवर तरी नाही, ती म्हणाली, आणि मग किल्ल्याकडे हात करून तिने जे सांगितले ते तिच्या ठरीव कथनातले नव्हते. राज्याचे जुने दप्तर, ‘तोर्रे दो तोम्बो’, त्या किल्ल्याच्या एका बुरुजात होते आणि दा माया हाच त्याचा प्रमुख रक्षक होता. भूकंपात बुरुज कोसळला, तेव्हा म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद काढून ते किल्ल्यातच उभारलेल्या लाकडी खोपटात ठेवले आणि १७५७ मध्ये एका मठात हलवले. गोव्याच्या व्हाइसरॉयांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ‘मोसमी ग्रंथ’ आज काही पणजीच्या अभिलेखागारात आणि काही या दप्तरात आहेत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदपत्रांवरून मराठ्यांच्या इतिहासात जी भर घातली, तिची किंमत मराठी वाचकाला सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पैसे आधी भरलेले असले तरी गाइड चांगला भेटल्यास शेवटी थोडी टिप देण्याची पद्धत आहे. भूक लागली तर बायशातील साध्या कॅफेत काचेच्या कपाटात समोसे ठेवलेले असतात. गोव्याच्या वाटेने आलेला हा पदार्थ आता लिस्बनकरांचा झाला आहे आणि आत कोंबडीचे किंवा गोमांसाचे सारण असू शकते, म्हणून आधी विचारावे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वाट उलटी धरावी: २८ क्रमांकाच्या ट्रामने सांता लुझियापर्यंत चढावे, अल्फामातून उतरावे, बायशा सपाटीवर निवांत पाहावा, आणि कार्मूला जायला १९०२ ची लोखंडी सांता जुस्ता लिफ्ट चालू असेल तर ती घ्यावी. लिफ्टपुढे रांग असते, पण ऊन चढण्यापूर्वी गेल्यास फार नसते.